बीजाचा उन्हाळा



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे ह्यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केली. तेव्हापासून चैत्र-वैशाखाच्या ऐन उकाड्यात घाम पुशीत बसावे आणि कोणी तरी चार शब्द सांगेल ते ऐकून घ्यावेत, हा आपल्या मराठी गावांचा एक संकेतच होऊन बसला आहे. आज इथे येताना आपण सर्वांनी वाटेत ह्या उन्हाळ्याला दोन शब्द सुनावले असतील. मीही सुनावले. पण आता मी जे बोलणार आहे ते ह्या उन्हाळ्याची बाजू घेऊन बोलणार आहे. माणसाला तो नकोसा असला, तरी आपल्या डोंगरावरच्या रानफुलांच्या बीजाला तो हवा असतो. हे ज्याने ओळखले नाही त्याने बी कितीही जपून ठेवले, तरी त्याच्या हाती फूल लागत नाही.

विषय तसा साधा आहे. उजाड झालेल्या डोंगरावर तिथलीच फुले पुन्हा आणावयाची, तर त्यांचे बी जमवावे लागते. जमवलेले बी साठवावे लागते. आणि साठवलेले बी रुजवावे लागते. ह्या तीन क्रियांपैकी पहिली आणि तिसरी आपल्या डोळ्यांना दिसते. मधली दिसत नाही, आणि बहुतेक वेळा घात होतो तो तिथेच.

आपल्या ओळखीच्या झाडापासून आरंभ करू. ठाण्याच्या येऊरला, मुंब्र्याच्या डोंगरात, पलीकडे मलंगगडाच्या उतारावर कारवी आहे. वारली, कातकरी, ठाकूर ह्यांच्या घरांच्या कुडाच्या भिंती हिच्याच काठ्यांच्या. ही कारवी सात वर्षे नुसती वाढते आणि आठव्या वर्षी जांभळी-निळी फुलते. नीलगिरीतली कुरिंजी बारा वर्षांनी फुलते, ती हिचीच जवळची आप्त. आपल्या बाजूच्या राष्ट्रीय उद्यानात कारवीचा मोठा फुलोरा २००८ साली आला, २०१६ साली आला आणि २०२४ साली आला. काही टेकड्यांचा क्रम पुढेमागे असतो. परंतु आपल्या बहुसंख्य कारवीचे पुढचे फूल आता २०३२ साली. एकदा फुलली, बी धरले, की ती झाडे मरतात.

आता हिची बी साठवण्याची रीत पाहा. पावसाळ्याअखेर फुले झडतात, बोंडे धरतात, आणि ती बोंडे वाळून त्या झाडावरच राहतात. थंडी जाते, होळी जाते, वैशाखवणवा पेटतो, तरी बोंडे मिटलेलीच. मृगाचा पहिला पाऊस त्यांवर पडला की ती भिजून तडतड आवाज करीत फुटतात, बी उडते, आणि थोड्याच दिवसांत ओल्या मातीत कोंब दिसू लागतात. म्हणजे कारवीने आपली बीजपेढी आपल्याच अंगावर बांधली आहे. तिचे कुलूप पावसाच्या किल्लीने उघडते आणि ठेवीची मुदत असते एक उन्हाळा.

ह्यातून एक अडचण निघते, ती ध्यानात घ्या. समजा, २०२५ च्या पावसात रुजलेली ही रोपे रस्त्यासाठी, खाणीसाठी वा इमारतीसाठी २०३० साली खरवडली गेली. ती फुललेलीच नसणार. त्यांनी बी दिलेलेच नसणार. त्या डोंगराचा आठ वर्षांचा हिशेब एका दिवसात कोरा होईल, आणि २०३१ साली कोणाला उपरती होऊन कारवी परत लावावीशी वाटली, तर बी आणणार कोठून? मधल्या वर्षांत बाजारात मिळेल अशी ती वस्तू नव्हे. म्हणून साठवण हवीच. ‘निसर्ग आपले पाहून घेईल’ हे वाक्य, निसर्गाला वेळ आणि जागा दोन्ही मोकळी असतील तेव्हाच खरे.

साठवण हवी हे ठरले, तर ती करावी कशी? माझीच फजिती सांगतो. मी वनस्पतिशास्त्र शिकवीत असे तेव्हाची गोष्ट. एका आश्विनात मी हौसेने कवल्याची आणि सोनकीची बी जमवली. निम्मी कागदाच्या पुड्यांत बांधून कपाटावर ठेवली. उरलेली निम्मी, मी शास्त्र शिकलेला माणूस म्हणून, ताजी ताजीच वाळवून काचेच्या बाटलीत घट्ट बंद केली आणि थेट बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिली. मधला एक पावसाळा जाऊ दिला आणि पुढच्या ज्येष्ठात विद्यार्थ्यांसमक्ष दोन्ही पेरल्या. पुड्यांतल्या बीला बुरशीने खाल्ले होते. तिचा पत्ताच नव्हता. बाटलीतली बी सुरेख, टणक, जशीच्या तशी होती. पण तीही रुजेना. तीन आठवडे वाट पाहून मी मुलांना सांगितले, ‘मेली,’ आणि ती माती इमारतीमागच्या उकिरड्याशेजारी ओतून दिली. पुढच्या वर्षी श्रावणात तिथे कवल्याची पिवळी फुले डोलत होती! बी मेली नव्हती. मी तिला मेली म्हटले होते, एवढेच.

त्या दोन्ही चुकांचा उलगडा झाला की आजचा विषय संपला.

पहिली चूक कागदाच्या पुडीची. बी म्हणजे झोपलेले रोप आणि त्याची शिदोरी. झोपेतही त्याचा मंद श्वास चाललेला असतो, शिदोरी खर्च होत असते, आतली नाजूक रचना झिजत असते. ही झीज दोन गोष्टींनी वाढते : ओल आणि ऊब. जेम्स हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकन बीजशास्त्रज्ञाने ह्याचा एक सोपा आडाखा सांगितला. बीमधल्या पाण्याचे प्रमाण शेकडा १ ने उतरवले की तिचे आयुष्य साधारण दुप्पट होते. आणि भोवतालचे तापमान ५ अंशांनी उतरवले की पुन्हा दुप्पट. पाठीवर पाटी घेऊन शाळेत गेलेल्या कोणालाही हे गणित करता येईल. शेकडा १२ ओल असलेली, ३० अंशांत ठेवलेली एखादी बी वर्षभर टिकते असे धरा. तिची ओल ७ वर आणली, पाच दुपटी झाल्या, म्हणजे ३२ वर्षे. वर ती ५ अंशांच्या थंडीत ठेवली, आणखी पाच दुपटी, म्हणजे १०२४ वर्षे! अर्थात हा कागदावरचा हिशेब झाला. आडाख्यालाही मर्यादा आहेत. फार कोरड्या आणि फार गार टोकाला तो तसाच लागू पडत नाही. पण दिशा खरी आहे. जगातल्या मोठ्या बीजपेढ्या ह्याच दिशेने चालतात. बी सावकाश, गार आणि कोरड्या हवेत वाळवायचे, हवा न शिरणाऱ्या पाकिटात बंद करायचे आणि उणे १८ अंशांच्या आसपास ठेवायचे. दिल्लीला राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोची पेढी आहे, तीत पिकांची बियाणी अशीच जपतात.

आणि आपला कोकणपट्टा? आषाढात इथे मीठ बरणीत पाझरते, पापड तासाभरात वातड होतो, आगपेटीची काडी ओढता ओढता गुल उडतो. त्या हवेत कागदाच्या पुडीतली बी पापडासारखीच ओल ओढून घेते. वर घाटमाथ्यापलीकडे जी बी दोन-तीन वर्षे सहज निभावते, ती डोंबिवलीच्या कपाटावर एका पावसाळ्यात संपते. आपल्या आजीला हे ठाऊक होते. बियाण्याचा भोपळा आणि काकडी चुलीच्या धुरावर टांगायची, कडधान्याला राख चोळायची, कणगी शेणाने लिंपून बंद करायची, ह्या रीती शास्त्राच्या विरोधातल्या नव्हत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे ह्यांनी अशाच घरच्या रीतींतून गावठी बियाण्यांची पेढी उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

तेव्हा कोणी म्हणेल, मग राहीबाईंची रीत रानफुलांना लावा की झाले! इथेच माझी दुसरी चूक आडवी येते.

पिकाचे बी आणि रानाचे बी ह्यांत मोठे अंतर आहे. हजारो वर्षे माणसाने तेच दाणे पुन्हा पेरले जे पेरल्याबरोबर, एकजात, एका वेळी उगवले. झोपाळू दाणे आपोआप वगळले गेले. रानाच्या बीला अशी घाई करून चालत नाही. तेरड्याचेच पाहा. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण म्हणतो. पण त्याचा शहाणपणा फार जुना आहे. भाद्रपद-आश्विनात डोंगरावरची पावसाळी फुले बी सांडतात. तेव्हा माती ओली असते, परतीचा पाऊसही पडत असतो. त्या ओलीला भुलून ती बी लागलीच रुजली, तर कार्तिकात माती सुकेल आणि कोवळे रोप बी न धरताच मरेल, वंशच खुंटेल. म्हणून ह्या बिया ओल असूनही झोपतात. ह्या झोपेला शास्त्रात सुप्तावस्था म्हणतात.

ही झोप एका जातीची नाही. कवला, टाकळा, बाहवा, गुंज ह्या शेंगवर्गातल्या बियांचे कवच इतके कडक असते की पाणी आत शिरतच नाही. ऊन तापते, रात्र गार होते, कवचाला बारीक तडा जातो, तेव्हा कुठे दार किलकिले होते. आणि सगळ्यांचे दार एकाच वर्षी उघडत नाही. काही यंदा, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही पुढे. सगळी पुंजी एका डावावर लावायची नाही, हा हिशेब त्या चिमुकल्या दाण्याला कळतो. दुसऱ्या पुष्कळ पावसाळी वनस्पतींच्या बीत कवच अडवीत नाही. आतला गर्भच अजून तयार झालेला नसतो. त्याला काही महिने कोरडा, उबदार विसावा लागतो. आंबा अढीत पिकतो, तशी ही बी झाडावरून उतरल्यानंतर पिकते. भाताच्या शेतकऱ्याला हे नवे नाही. काही जातींचे नवे भात कापल्याबरोबर पेरले तर उगवत नाही. प्रयोगशाळेत तेच भात ५० अंशांच्या कोरड्या उबेत काही दिवस ठेवले की त्याची झोप उतरते. आणि तिसरी गोष्ट, खडकाळ सड्यावरच्या अगदी धुळीएवढ्या बियांना बहुधा उजेड लागतो. त्या मातीखाली पुरल्या की झोपूनच राहतात.

आता माझ्या बाटलीचे काय झाले ते पाहा. थंडी आणि कोरडेपणा बीची झीज थांबवतात, हे खरे. पण तीच थंडी आणि तोच अतिकोरडेपणा बीचे पिकणेही थांबवतात. मी आश्विनातली कच्च्या झोपेची बी घेतली आणि बर्फात तिची ती अवस्थाच गोठवली. दीड वर्षाने बाहेर काढली तेव्हा तिच्या लेखी अजून आश्विनच होता. मी तिला पाऊस दिला. तिचा उन्हाळा मात्र मी बुडवला होता. उकिरड्याशेजारी तिला तो मिळाला.

माझे सांगणे एवढेच आहे. बीजपेढी आयुष्य देते, ऋतू देत नाही. ऋतू आपणच द्यावा लागतो. एक तर साठवणीपूर्वी बीला तिचा उन्हाळा भोगू द्यावा, नाही तर बाहेर काढल्यावर पेरणीपूर्वी तो द्यावा. आणि रुजली नाही म्हणून लगेच मेली असा निकाल देऊ नये. न रुजलेली बी कापून पाहावी. आत भरीव, पांढरे, टवटवीत असेल तर ती झोपलेली आहे. काळे वा पोकळ असेल तर गेली. प्रयोगशाळेत टेट्राझोलियम नावाचे द्रव्य वापरतात. जिवंत गर्भ त्याने लाल होतो, मेलेला होत नाही.

ह्याच्या उलट एक वर्गही आहे. आंबा, फणस, जांभूळ आणि आपल्या ठाण्याच्या खाडीतला तिवर. ह्यांची बी वाळवली की मरते. तिवराचा गर्भ तर फळ झाडावर असतानाच वाढू लागतो. १९७३ साली एरिक रॉबर्ट्स ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बियांचे असे दोन वर्ग पाडले, कोरडेपणा सोसणाऱ्या आणि न सोसणाऱ्या. दुसऱ्या वर्गाची पेढी म्हणजे ते रान, ती खाडी. तिथे शीतपेटी कामाची नाही. ठाण्याची खाडी २०२२ साली रामसर यादीत गेली, ह्या मानाचा अर्थ मी असाही लावतो की ती तिवराची जिवंत बीजपेढी आहे.

पेढी हा शब्द मी वापरला, पण पैशाच्या पेढीशी तिचे एक वैर आहे. पैसे ठेवले तर मुद्दल वाढते. बी ठेवले तर मुद्दल घटतच जाते. थंडीने फक्त घटण्याचा वेग मंदावतो. वाढ हवी तर ठेव काढून मातीत घालावी लागते. नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड द्वीपसमूहात २००८ साली जगभरच्या पिकांची पेढी उघडली. तिच्यातून पहिली ठेव निघाली ती २०१५ साली. सीरियातल्या अलेप्पोजवळची बीजपेढी युद्धात सापडली, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी आपले बियाणे स्वालबार्डहून परत मागून घेतले, लेबनॉन आणि मोरोक्को इथे पेरले, आणि २०१७ साली ताजे पीक काढून ठेव परत नेऊन ठेवली. ह्याला व्यवहार म्हणतात. आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि कल्याणात सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभे आहे. ग्रंथ कपाटात सुरक्षित राहिला हे निम्मे काम. तो कोणी घरी नेऊन वाचला तर उरलेले निम्मे झाले. बीचेही तसेच.

सगळ्यांत जुनी पेढी मात्र कोणी बांधलेली नाही. ती आपल्या पायांखाली आहे. अमेरिकेत विल्यम बील ह्या प्राध्यापकाने १८७९ साली वीस बाटल्यांत तऱ्हेतऱ्हेच्या रानबिया वाळूत कालवून जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी त्यांतली एकेक बाटली उकरतात. २०२१ साली, म्हणजे १४२ वर्षांनी उकरलेल्या बाटलीतले मुलेन नावाचे रानफूल उगवले. चीनमधल्या एका आटलेल्या सरोवराच्या तळातले कमळाचे बीज सुमारे १३०० वर्षांनी रुजल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झाले. तलावांचे शहर म्हणवणाऱ्या ठाणेकरांना हा दाखला विशेष आवडावा. प्रत्येक बी इतकी चिवट नसते, हे मी आताच सांगितले. पण डोंगरावरची वरची चार बोटे माती हा ह्या अशा कित्येक ठेवींचा खजिना असतो, हे निश्चित. आपण डोंगर कापताना प्रथम नेमकी तीच माती खरवडून भरावाखाली गाडतो. मग उघड्या मुरमावर हिरवे दिसावे म्हणून झटपट वाढणारा गिरिपुष्प लावतो, आणि वृक्षारोपण झाले म्हणून छायाचित्र काढतो. कधी कधी तर जिथे गवत आणि फुले आधीच होती, तिथेच खड्डे खणतो. पी हळद आणि हो गोरी, असा हा उतावळेपणा. गवताळ उतार ओसाड नसतो. तो फक्त आठ महिने झोपलेला असतो.

आपण नगरवासीयांनी काय करावे, हेही आपण विचाराल. थोडक्यात सांगतो. जिथे बांधकाम अटळच आहे, तिथे वरची माती वेगळी काढून ठेवावी आणि काम संपताच तिथेच पसरावी, असा आग्रह धरावा. बी जमवायचे ते ज्या डोंगरावर पेरायचे त्याच डोंगराचे वा शेजारचे. पूर्ण पिकलेले, पुष्कळ झाडांवरून थोडे थोडे, आणि पिकलेल्या बीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक कधीही नाही. राष्ट्रीय उद्यानातून वनखात्याच्या परवानगीवाचून दाणाही उचलू नये. गौरीसाठी तेरडा मुळासकट उपटून आणतो, तेव्हा त्याने अजून बी धरलेले नसते. चार काड्या खुडून आणल्या तरी गौर रुसत नाही. जमवलेले बी सावलीत वाळवावे आणि चैत्र-वैशाख घरातल्या कोरड्या, उबदार जागी, सुती पिशवीत राहू द्यावे. पाऊस येण्यापूर्वी, मिठाच्या बरणीत तांदूळ घालतो तसे भाजून गार केलेले तांदूळ तळाशी घालून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावे, मग शीतपेटीत ठेवावे. ओली बी घट्ट झाकणे हे उघडे ठेवण्याहून वाईट, हे विसरू नये. वर चिठ्ठी : कोणते फूल, कोणता डोंगर, कोणती तारीख. चिठ्ठीवाचून बी म्हणजे पत्त्यावाचून पत्र. दरवर्षी त्यांतले थोडे दाणे ओल्या कागदावर रुजवून पाहावेत. उगवण घसरू लागली की साठा पेरून नवे बी घ्यावे. पेरणी ज्येष्ठाच्या आरंभी, मातीवर नुसती भुरभुरून. बारीक बी गाडू नये. आणि पहिल्या वर्षी थोडेच उगवले, तर ती जमीन लगेच पुन्हा खणू नये. उरलेल्यांना आणखी एक उन्हाळा लागत असेल.

आपल्यापैकी पुष्कळ जण रोज ठाणे-डोंबिवली ह्या वाटेने ये-जा करतात. पारसिकचा बोगदा १९१६ पासून त्या डोंगराच्या पोटातून गाड्या नेतो आहे. उद्या सकाळी खिडकीशी जागा मिळालीच, तर मुंब्र्याच्या बाजूला एकदा पाहा. डोंगर करपलेला, तपकिरी, मेल्यासारखा दिसेल. तो मेलेला नाही. त्याच्या अंगात जे शिजते आहे ते ह्या उकाड्यावाचून शिजणार नाही. २०३२ साली तिथे कारवी फुलावी अशी इच्छा असेल, तर त्या मधल्या सात उन्हाळ्यांत त्याला कोणी खरवडू नये, एवढी राखण आपण केली पाहिजे. आणि एखाद्या ठिकाणी ती जमली नाही, तर चिठ्ठी लावलेली एक बरणी कोणाच्या तरी घरी असली पाहिजे. ती आपल्यापैकी कोणाच्या घरी असेल, हा प्रश्न आपल्यापाशी ठेवून मी आपली रजा घेतो.